सिद्धांत कशाला म्हणायचं?

"उत्क्रांती काय, तो फक्त सिद्धांत आहे." असं वाक्य वादात हमखास येतं. बोलणाऱ्याला म्हणायचं असतं की ही कुणीतरी मांडलेली कल्पना आहे, पक्कं असं अजून काही ठरलेलं नाही. गंमत म्हणजे मराठीत 'सिद्धांत' या शब्दाचा अर्थ याच्या थेट उलट आहे. जे तपासून, कारणं देऊन, विरोधी म्हणणं ऐकून मग पक्कं झालं, ते सिद्धांत. 'फक्त सिद्धांत' म्हणणं हे 'कोर्टाचा फक्त निकाल लागलाय' म्हणण्यासारखं आहे. निकालानंतर अपील होऊ शकतं हे खरं, पण म्हणून निकालाला कुणी तक्रारअर्ज म्हणत नाही.

ही गडबड इंग्रजीतून आली. तिथला 'थिअरी' हा शब्द दोन तोंडांचा आहे. गप्पांमध्ये त्याचा अर्थ 'माझा आपला अंदाज', तर विज्ञानात अर्थ 'पुराव्यांवर उभं असलेलं स्पष्टीकरण'. मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांनी दुसऱ्या अर्थासाठी 'सिद्धांत' हा शब्द घेतला आणि तो योग्यच होता. पुढे इंग्रजी वाद भाषांतरित होऊन आले तेव्हा पहिला अर्थही त्याच शब्दावर येऊन बसला. म्हणून हा शब्द एकदा मुळापासून पाहायला हवा. आपल्याकडे त्याच्यावर दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच बराच बारकाईनं विचार झालेला आहे.

रचना सोपी आहे : सिद्ध अधिक अंत. 'सिद्ध' म्हणजे पूर्ण झालेलं, साधलेलं, तयार. 'युद्धाला सिद्ध झाला' यातला तयारीचा अर्थ आणि 'गुन्हा सिद्ध झाला' यातला पुराव्याचा अर्थ एकाच धातूचे. 'अंत' इथे मरण नव्हे, तर शेवट, शेवटी जिथे पोचलो ती जागा. विचार सुरू झाला, हेलकावे खाल्ले आणि अखेर एका ठिकाणी स्थिरावला, ते ठिकाण म्हणजे सिद्धांत. 'दृष्टांत' या शब्दातही हाच 'अंत' आहे.

सिद्धांताची मला सर्वांत आवडती व्याख्या कुठल्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात नाही, वैद्यकाच्या ग्रंथात आहे. चरकसंहितेच्या विमानस्थान नावाच्या भागात आठवा अध्याय आहे, त्यात वैद्यांनी एकमेकांशी चर्चा कशी करावी याचे नियम दिलेत. चर्चा दोन प्रकारच्या सांगितल्या आहेत : एक सलोख्याची, जिच्यात दोघांनाही शिकायचं असतं, आणि दुसरी भांडणाची, जिच्यात समोरच्याला हरवायचं असतं. मग वादात लागणाऱ्या 44 संज्ञा एकेक करून समजावल्या आहेत. त्यांत सिद्धांताची व्याख्या येते. तिचा आशय असा : परीक्षकांनी अनेक प्रकारे परीक्षा करून, हेतूंनी साधून, जो निर्णय स्थापन केला, तो सिद्धांत.

या एका वाक्यात किती अटी आहेत ते बघा. 'परीक्षक' हा शब्द अनेकवचनी आहे, म्हणजे एकट्यादुकट्याचं मत पुरत नाही. परीक्षा 'बहुविध', म्हणजे एकाच बाजूनं पाहून चालत नाही. 'हेतूंनी', म्हणजे कारणं दाखवावी लागतात. गुरूंनी सांगितलं किंवा पूर्वापार चालत आलंय एवढं पुरेसं नाही. आणि शेवटी 'निर्णय'. सिद्धांत हा निर्णय आहे, म्हणजे त्याच्या आधी शंका होती आणि ती कुणीतरी मिटवलेली आहे. 'सत्य' या शब्दाशी त्याचा फरक इथेच पडतो. सत्य कुणाला कळो न कळो, ते असतंच. सिद्धांत मात्र माणसांनी कष्टानं उभा केलेला असतो.

न्यायशास्त्रात (कोर्टकायदा नव्हे, तर्काचं जुनं भारतीय दर्शन) या शब्दाला सोळा पदार्थांमध्ये जागा आहे. पदार्थ म्हणजे ज्यांचं ज्ञान विचार करणाऱ्याला हवंच अशा गोष्टी. तिथला क्रम प्रमाण, प्रमेय, संशय, प्रयोजन, दृष्टांत, सिद्धांत असा आहे. सिद्धांत सहावा. पुढे अवयव, तर्क, निर्णय येतात आणि मग वाद, जल्प, वितंडा वगैरे. (वितंडवाद हा आपला रोजचा शब्द याच यादीतून आला. स्वतःची बाजू मांडायचीच नाही, नुसती दुसऱ्याची खोडायची, ती वितंडा.) वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी तर प्रत्येक प्रश्नासाठी एक साचाच ठरवला : आधी विषय, मग त्याबद्दलची शंका, मग पूर्वपक्ष, मग उत्तर आणि सिद्धांत. पूर्वपक्ष म्हणजे आपल्याला मान्य नसलेली बाजू, आणि ती होईल तितकी भक्कम करून मांडायची. लेचापेचा पूर्वपक्ष उभा करून तो पाडला तर त्यातून निघालेला सिद्धांतही लेचापेचाच. जुन्या भाष्यग्रंथांमध्ये तर पूर्वपक्षी इतक्या जोरात बोलतो की नवख्या वाचकाला ते ग्रंथकाराचंच मत वाटावं.

आता खरी मौज. न्याय आणि चरक दोघेही सांगतात की सिद्धांत एकाच जातीचा नसतो, त्याचे चार प्रकार आहेत.

पहिला सर्वतंत्र सिद्धांत. तंत्र म्हणजे इथे शास्त्र. जो सगळ्याच शास्त्रांना मान्य, तो हा. रोग असतात, रोगांना कारणं असतात, बऱ्या होणाऱ्या रोगांना उपाय असतात, हे चरकाचं उदाहरण. यावर कुणी भांडत नाही, त्यामुळे त्यावर जास्त लिहिण्यासारखंही काही नाही.

दुसरा प्रतितंत्र सिद्धांत : एका शास्त्रात सिद्ध, दुसऱ्यात नाही. चरक अगदी सहज सांगतो की इतरत्र आठ रस (चवी) मानतात, इथे सहा. इथे पाच इंद्रियं, इतरत्र सहा. न्यायावरच्या भाष्यातलं उदाहरण याहून खोल आहे. सांख्य दर्शनाचे लोक म्हणतात की जे मुळात नाहीच ते उत्पन्न होऊ शकत नाही. घडा मातीत आधीपासून असतो, कुंभार तो फक्त प्रकट करतो. नैयायिक, म्हणजे न्यायवाले, म्हणतात, घडा आधी नव्हता, तो नव्यानं झाला. दोन्ही सिद्धांतच. आपापल्या चौकटीत दोन्ही हेतूंनी साधलेले. विरोधकाच्या मतालासुद्धा 'सिद्धांत' हाच शब्द वापरायचा, हा मोठेपणा मला फार महत्त्वाचा वाटतो. 'तुमचं मत आणि माझा सिद्धांत' अशी विभागणी या लोकांनी केली नाही. शिवाय यातून एक व्यवहारी सवय लागते : सिद्धांत ऐकला की 'कुठल्या शास्त्रात?' असा प्रश्न लगेच विचारायचा.

तिसरा अधिकरण सिद्धांत. एक गोष्ट सिद्ध केली की तिच्यासोबत आणखी काही गोष्टी न मागता सिद्ध होतात, किंवा त्या मानल्याशिवाय पहिली उभीच राहत नाही. न्यायातलं उदाहरण असं : जी वस्तू डोळ्यांनी पाहिली तीच आता हातानं चाचपतो आहे, असं आपल्याला कळतं, म्हणजे डोळा आणि त्वचा यांच्याहून निराळा, दोघांचं एकत्र जाणणारा कुणी ज्ञाता असला पाहिजे. हे मान्य केलंत की इंद्रियं अनेक आहेत आणि प्रत्येकाचा विषय ठरलेला आहे, हेही तुम्ही मान्य केलंतच. वादात माणसं अडकतात ती बहुधा इथे. मुख्य विधानाला मान डोलावतात आणि त्याच्या पोटातली विधानं नंतर नाकारायला जातात.

चौथा अभ्युपगम सिद्धांत आणि हा तर रोजच्या बोलण्यातला आहे. 'वादापुरतं मान्य करू', 'घटकाभर धरून चालू', असं आपण म्हणतो ना, तोच. परीक्षा झालेली नाही, पण पुढचा मुद्दा तपासता यावा म्हणून तात्पुरता स्वीकार. शब्द (ध्वनी या अर्थी) हे द्रव्य आहे का, यावर वाद आहे. ठीक, द्रव्य आहे असं धरू. आता तो नित्य की अनित्य ते बोला. गणितातली अप्रत्यक्ष सिद्धता याच वळणाची. 2 चं वर्गमूळ परिमेय आहे असं धरायचं, त्यातून विसंगती निघते असं दाखवायचं, की ते अपरिमेय आहे हे पक्कं झालं. न तपासलेल्या गोष्टीला सिद्धांत म्हणावं हे विचित्र वाटतं खरं आणि वर्गीकरणात हा प्रकार थोडा ओढूनताणून बसवल्यासारखाही वाटतो. पण बसवणाऱ्यांनी 'हे तात्पुरतं आहे' असं नावातच सांगून ठेवलंय, एवढा प्रामाणिकपणा आहे.

याच्या जोडीला एक शब्द आहे जो मराठीत पुन्हा रुळावा असं मला मनापासून वाटतं : अपसिद्धांत. न्यायात वाद हरण्याची 22 कारणं दिली आहेत, त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. त्यांतलं एक हे. एक सिद्धांत स्वीकारून बोलायला सुरुवात केली आणि अडचण आल्यावर गुपचूप दुसऱ्याच पायावर उभं राहिलं, की तो अपसिद्धांत, आणि वाद तिथेच हरला. याला आज आपण घूमजाव म्हणतो, पण त्यात नुसती टिंगल आहे. अपसिद्धांत या शब्दात नेमकी चूक कुठे झाली तेही कळतं : मत बदललं म्हणून नव्हे, बदललं हे कबूल न करता जुन्याच थाटात पुढे बोलत राहिला म्हणून.

आपल्याकडे हा शब्द एका संपूर्ण विद्याशाखेच्या ग्रंथांचं नावही होऊन बसला. ज्योतिष म्हणजे आकाशातलं गणित. त्यात तीन तऱ्हांचे ग्रंथ असत. ग्रहांची गणना कल्पाच्या आरंभापासून करतो तो सिद्धांत, युगाच्या आरंभापासून करतो तो तंत्र आणि जवळचाच एखादा सोयीचा शक धरून झटपट गणित करू देतो तो करण. ब्रह्मगुप्ताचा ब्राह्मस्फुटसिद्धांत इसवी सन 628 चा, भास्कराचार्यांचा सिद्धांतशिरोमणी 1150 चा. भास्कराचार्यांनीच पुढे 1183 च्या सुमारास करणकुतूहल लिहिलं, ते करण.

पण इथे सिद्धांत शब्दाचा दुसरा चेहरा दिसतो. सहाव्या शतकात वराहमिहिरानं आपल्या आधीच्या पाच सिद्धांतांचं सार एकत्र केलं : पौलिश, रोमक, वासिष्ठ, सौर आणि पैतामह. ग्रंथाच्या सुरुवातीलाच त्यानं त्यांना गुण देऊन टाकले. पौलिश अचूक, रोमक त्याच्या जवळपास, सौर सर्वांत स्पष्ट, आणि उरलेले दोन? 'दूरविभ्रष्ट', म्हणजे फार लांब भरकटलेले. नाव सिद्धांतच, पण आकाशाशी जुळत नाहीत. वराहमिहिरानं त्यांचं नाव काढून घेतलं नाही आणि नावाला भुलून त्यांना बरोबरही ठरवलं नाही.

हजार वर्षांनी कोकणात नांदगावला गणेश दैवज्ञांनी तेच केलं, आणखी धीटपणे. 1520 च्या त्यांच्या ग्रहलाघवावर महाराष्ट्रातली पंचांगं कित्येक पिढ्या चालली. तोवर ज्योतिष्यांमध्ये सौर, आर्य, ब्राह्म असे पक्ष पडले होते आणि प्रत्येकाचा आपल्या ग्रंथावर जीव. गणेश दैवज्ञांनी कुठल्याच पक्षाला सगळं माप दिलं नाही. सूर्य सौरपक्षातून घेतला, गुरू आर्यपक्षातून, बुध ब्राह्मपक्षातून. चंद्र सौरपक्षाचा, पण त्यातून 9 कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वजा करून. शनी आर्यपक्षाचा, पण 5 अंश मिळवून. कसोटी एकच, दृक्प्रत्यय : गणितानं काढलेला ग्रह डोळ्यांना तिथेच दिसला पाहिजे. दिसत नसेल तर गणित दुरुस्त करायचं, आकाशाला दोष द्यायचा नाही. अशा दुरुस्तीला बीजसंस्कार हे रीतसर नाव होतं, म्हणजे सिद्धांत कालांतरानं ढळणार हे या लोकांनी गृहीतच धरलं होतं.

आधुनिक विज्ञानातही सिद्धांत असाच वागतो. 1912 मध्ये आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञानं मांडलं की खंड एकेकाळी एकत्र होते आणि नंतर सरकत दूर गेले. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका यांचे किनारे एकमेकांत बसतात. मेसोसॉरस या गोड्या पाण्यातल्या सरपटणाऱ्या प्राण्याचे जीवाश्म दोन्हीकडे सापडतात, आणि तो काही अटलांटिक पोहून गेला नसणार. पुरावे चांगले होते, पण खंड सरकवणारं बळ कुठलं, याचं पटणारं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. त्यानं सुचवलेली बळं फारच दुबळी आहेत असं भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. 1930 मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेत वेगेनर वारला, तेव्हा त्याची कल्पना म्हणजे फार तर एक परिकल्पना होती. चरकाच्या भाषेत, हेतूंनी साधणं बाकी होतं.

मग समुद्रतळाचा अभ्यास सुरू झाला. महासागरांच्या मधोमध पर्वतरांगा सापडल्या, तिथे नवं कवच तयार होऊन दोन्ही बाजूंना पसरतं असं दिसलं. 1963 मध्ये फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी सांगितलं की त्या रांगांच्या दुतर्फा खडकांत जे चुंबकीय पट्टे आहेत, ते पृथ्वीचं चुंबकत्व अधूनमधून उलटं होत असल्याची नोंद आहे. भूकंपांचे पट्टेही त्याच चित्रात बसले. दशक संपेपर्यंत भूपट्टांचा, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांचा, सिद्धांत उभा राहिला. त्यात वेगेनरचं सगळं आलं नाही. खंड समुद्रतळ फाडत पुढे जातात हे त्याचं चित्र गेलं आणि खंड व समुद्रतळ दोन्ही एकाच पट्टावर बसून सरकतात हे आलं. आज उपग्रहांच्या साह्यानं हे सरकणं मोजता येतं, वर्षाला काही सेंटिमीटर. पूर्वपक्षी जोरदार होता म्हणून हा सिद्धांत इतका पक्का झाला, असं म्हणायला हरकत नाही.

लोकांचा आणखी एक गोड गैरसमज असतो की सिद्धांत पुरेसा सिद्ध झाला की त्याची बढती होऊन तो 'नियम' होतो. तसं काही नसतं. नियम काय घडतं ते सांगतो, सिद्धांत ते का आणि कसं घडतं ते सांगतो. तापमान तेच ठेवून वायूवरचा दाब दुप्पट केला की आकारमान निम्मं होतं, हा बॉइलचा नियम. वायूचे रेणू सतत इकडेतिकडे धावत भिंतींवर आदळत असतात आणि तो मारा म्हणजेच दाब, जागा निम्मी झाली की मारा दुप्पट, हे सांगणारा तो गत्यात्मक सिद्धांत. पुरावे कितीही वाढले तरी सिद्धांत सिद्धांतच राहतो. रोगजंतूंमुळे रोग होतात हाही सिद्धांत आहे. 'तो फक्त सिद्धांत' म्हणून हात न धुता शस्त्रक्रिया करणारा सर्जन कुणाला चालेल?

आणि सिद्धांत मागे पडला म्हणजे टाकाऊ झाला, असंही नाही. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणावर भिस्त ठेवून 1846 मध्ये नेपच्यून शोधला गेला. बुधाच्या कक्षेत मात्र शतकाला 43 विकलांचा (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) फरक उरत होता, तो न्यूटनच्या गणिताला सुटेना. 1915 मध्ये आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतातून तो अचूक निघाला. तरीही यान चंद्रावर पाठवायचं गणित आजही मुख्यतः न्यूटनच्या पद्धतीनं होतं. कुठल्या मर्यादेत, हा प्रश्न प्रतितंत्रवाल्यांनी शिकवलेला आहेच.

शाळेच्या भूमितीच्या पुस्तकात ही सगळी जुनी मंडळी शेजारी शेजारी बसलेली आहेत, आपलं लक्ष जात नाही एवढंच. प्रमेय दिलं की खाली 'पक्ष', मग 'साध्य', मग 'सिद्धता'. प्रमेय, पक्ष आणि साध्य हे शब्द न्यायाच्या वादातून आलेले. अर्थ मात्र सरकले आहेत : न्यायात पक्ष म्हणजे ज्याच्याबद्दल अनुमान करायचं ती जागा, धूर दिसतो म्हणून जिथे आग आहे असं ठरवायचं तो न्यायातला प्रसिद्ध डोंगर, भूमितीत पक्ष म्हणजे दिलेली माहिती. न्यायात प्रमेय म्हणजे जाणून घ्यायची वस्तू, भूमितीत सिद्ध करायचं विधान. पायथागोरसच्या विधानाला आपण सिद्धांत न म्हणता प्रमेय म्हणतो ते बरंच आहे. ते एक सुटं विधान आहे. सिद्धांत म्हटला की बरीच विधानं सांधणारी रचना डोळ्यांपुढे येते. अर्थात काही पुस्तकांत दोन्ही शब्द अदलाबदलीनं आढळतात, हिंदीची सरमिसळही असते, आणि त्यावरून कुणाला धारेवर धरण्यात अर्थ नाही.

हिंदीच्या प्रभावाचं मात्र एक ठिकाण सांभाळायला हवं. हिंदीत 'सिद्धांतवादी' माणूस म्हणजे आपल्या भाषेत तत्त्वनिष्ठ माणूस आणि 'सैद्धांतिक मंजुरी' म्हणजे तत्त्वतः मंजुरी. मराठी बातम्यांत आता 'प्रकल्पाला सैद्धांतिक मंजुरी' दिसायला लागली आहे. ऐकणाऱ्याला वाटेल, मंजुरी कागदावर आहे आणि प्रात्यक्षिक नंतर. आचरणाचा पाया सांगायचा असेल तेव्हा 'तत्त्व' हाच आपला शब्द.

याहून खटकतो तो 'षड्यंत्र सिद्धांत'. माणूस चंद्रावर गेलाच नाही, लशीतून चिप घालतात, अशा गोष्टींना हे नाव देतात. इंग्रजी शब्दाला शब्द लावला, झालं. परीक्षक नाहीत, परीक्षा नाही, हेतू नाहीत, आणि पूर्वपक्ष ऐकून घ्यायची तर तयारीच नसते; अडचण आली की पाया बदलतो, म्हणजे अपसिद्धांत तर पदोपदी. याला 'कारस्थानाची कहाणी' म्हणा, 'कटाचा संशय' म्हणा, नुसती 'आवई' म्हटलं तरी चालेल.

लिहिताना एकच काळजी. 'सिद्धांत' आणि 'सिद्धान्त' दोन्ही चालतात. 'सिध्दांत' मात्र चूक. आधी अर्धा द आणि मग ध असा क्रम आहे. कळफलकावर तो उलटा पडतो आणि 'प्रसिध्द', 'शुध्द', 'युध्द' यांची रांग लागते. पाट्यांवर, पत्रिकांवर आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरसुद्धा ही चूक दिसते.